बिनफटाक्यांचे नगर

माझी सासुरवाडी नगरची आहे, ही गोष्ट या सदराच्या जुन्या वाचकांना मी इतक्यांदा ऐकवली आहे की संपादकांनी आता ती मथळ्याखालीच कायमची छापून टाकावी. नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. ऑक्टोबर २०२४ पासून ते कागदोपत्री अहिल्यानगर झाले. चोंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले. पण बोलताना तिथला माणूस पूर्वीही ‘नगर’ म्हणत असे आणि आजही ‘नगर’च म्हणतो. आमच्या सासऱ्यांचे म्हणणे असे की, दोन्ही नावांत नगर आहे तोवर टपाल चुकायचे नाही, आणि खाली ४१४००१ घातले तर नावाचीही गरज नाही. या विषयात त्यांचा शब्द प्रमाण मानावा लागतो. १९६८ पासून २००६ पर्यंत, म्हणजे तब्बल अडतीस वर्षे, त्यांनी याच शहरात पोस्टमनची नोकरी केली. पिनकोड आला १९७२ साली. त्याच्या आधीची चार वर्षे आपण केवळ अकलेवर पत्रे वाटली, असे ते मोठ्या अभिमानाने सांगतात.

दिवाळीतल्या नगरचे वर्णन करायला लेखणी लागत नाही. दोन दणकट कोपरे असली की पुरे. कापड बाजार, मोची गल्ली, सराफ बाजार या भागात वसुबारसेपासून अशी काही दाटी होते की तिथे आपण चालत नाही, आपल्याला चालवले जाते. आमच्या सौभाग्यवतींना एका दुकानात जायचे असते, आणि गर्दी आम्हांला तिसऱ्याच दुकानात नेऊन सोडते. तिथेही त्या काहीतरी घेतातच, हा भाग निराळा. केरसुण्या, लाह्या-बत्तासे, रांगोळीचे छाप, पणत्यांच्या पाट्या, आणि या सगळ्यांवर लोंबणारे आकाशकंदील! हे सारे मला आवडते. तक्रार एकाच गोष्टीची आहे, ती म्हणजे आवाजाची. फटाके रात्री आठ ते दहा या वेळातच उडवावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितले. आमच्या आळीतल्या पोरांच्या घड्याळात हे आठ ते दहा पहाटे चारला सुरू होतात.

आणि नगरला दारूगोळ्याचे वावडे कधी नव्हतेच. विजापूरला जी ‘मुलुख-ए-मैदान’ तोफ पाहायला आपण सहली काढतो, ती ओतली गेली १५४९ साली ती नगरला. आज शहराच्या अंगाला लष्कराची रणगाड्यांची मोठी शाळा आहे, रणगाड्यांचे संग्रहालय आहे. एका जुन्या वस्तीचे तर नावच तोफखाना! अशा गावात गेल्या वर्षी ऐन दिवाळीत शांतता शोधत फिरण्याची पाळी माझ्यावर आली.

झाले होते असे. श्रावणात अण्णांना, म्हणजे आमच्या सासऱ्यांना, हृदयविकाराचा झटका येऊन गेला. वय एकोणऐंशी. डॉक्टरांनी पथ्याची भली मोठी यादी दिली आणि शेवटी सांगितले, की दचकवणारे आवाज टाळा. घरात नातवंडे तीन. मेव्हण्यांची दोन आणि आमचे एक. मोठ्या माणसांची बैठक बसली आणि यंदा घरापुढे एकही फटाका वाजणार नाही, असा ठराव पास झाला. मुलांनी तो मान्य केला. पण ज्या चेहऱ्यांनी मान्य केला, ते चेहरे पाहून चिवडासुद्धा गोड लागेना.

धनत्रयोदशीला सकाळी अण्णा आरामखुर्चीतून म्हणाले, “पोरांचे फटाके बंद करू नका. संध्याकाळचं मलाच बाहेर काढा.”

“अहो, पण बाहेर तर याहून जास्त आवाज!” सासूबाई म्हणाल्या.

“तो बाजारात. मी अडतीस दिवाळ्या या गावात सायकल चालवलीय. कुठल्या गल्लीत आपली घंटी आपल्याला ऐकू येते, ते मला ठाऊक आहे. जावईबापू सोबतीला आहेत, रिक्षा आहे. सात ते दहा फिरतो. तेवढ्यात त्यांना काय वाजवायचं ते वाजवू द्या.”

सासूबाईंनी खूप विरोध केला आणि मग तयारी करून दिली. मफलर, पाण्याची बाटली, जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, आणि अण्णांच्या खिशात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी. पोस्टमनच्या खिशात पत्ता! अण्णांनी ती चिठ्ठी वाचली, “पिन लिहायचा राहिलाय,” म्हणाले आणि निमूटपणे घडी घालून ठेवून दिली.

पहिल्या दिवशी आम्ही मिशनच्या आवारांकडे गेलो. बाजाराचा गोंगाट मागे पडायला रिक्षाला फार वेळ लागला नाही. जुनी झाडे, बसके बंगले, कौले, आणि खिडक्यांतून रोजचाच पिवळा उजेड. दिवाळीची इथे कुणाला अढी आहे असे नव्हे. शेजारपाजारच्या घरांतून फराळाची ताटे आलेली असतात. पण यांच्या स्वतःच्या करंज्या-चकल्यांचा घाणा निघतो तो डिसेंबरात. सणाची तारीख दुसरी, म्हणून आजची संध्याकाळ मोकळी. आतल्या एका खोलीत कुणीतरी पेटीवर रविवारच्या गाण्यांची तयारी करीत होते. एकच ओळ पुन्हा पुन्हा चुकत होती.

आम्ही एका बाकावर बसलो. या परिसराबद्दल मला वाचून जे ठाऊक होते ते मी अण्णांना सांगत होतो. अमेरिकन मराठी मिशनची माणसे नगरला १८३१ साली आली. ‘ज्ञानोदय’ पत्र १८४२ मध्ये इथूनच निघाले. सिंथिया फॅरार नावाची एक बाई सातासमुद्रांपलीकडून एकटी आली, मुंबईला काही वर्षे काढून नगरला आली, मुलींना शिकवीत राहिली आणि १८६२ साली इथेच वारली. तिची शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिली, आणि १८४८ साली पुण्याला मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंनी शिकवण्याचे शिक्षण घेतले तेही या फॅरारबाईंच्या नगरच्या शाळेत. नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई यांचा संसार तर बराच काळ याच शहरात झाला; ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या माणसाला नगर परके वाटतच नाही. पुण्याच्या त्या शाळेची वाट या मुक्या आवारातून जाते, हे कापड बाजारातल्या गर्दीला सांगून पटायचे नाही. मलाही ते तिथे बाकावर बसल्यावरच नीट पटले.

अण्णांच्या आठवणी मात्र निराळ्या. “इथे दिवाळीची पोस्त मिळत नसे,” ते म्हणाले. “ती मिळायची नाताळला. दिवाळीची पोस्त, नाताळची पोस्त, आणि झेंडीगेटच्या बाजूला ईदला शिरखुर्मा. सरकार बोनस द्यायचं एकदा आणि नगर तीनदा!”

हल्लीच्या मुलांना पोस्त म्हणजे काय ते सांगावे लागेल. वर्षभर दारी येणाऱ्या माणसाला दिवाळीत खुशीने जे द्यायचे ती पोस्त. पोस्टमन पोस्त मागतो, हा विनोद आमच्या लहानपणी इतका चालायचा की, पोस्टमनच्या आधी तो दारात हजर असे. आता पोस्तही गेली आणि पोस्टही चालली. तार २०१३ साली बंद झाली. ज्या दिवाळीची ही गोष्ट, तिच्या आधीच्या सप्टेंबरात रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. ती बातमी अण्णांनी कात्री घेऊन कापून ठेवली होती, एखाद्या नातेवाइकाच्या निधनाची ठेवावी तशी.

नरकचतुर्दशीला दुपारी घरात सगळे अभ्यंगस्नानानंतरच्या झोपेत असताना मी एकटाच फराहबागेकडे जाऊन आलो. निजामशाहीतला हा महाल एका मोठ्या तळ्याच्या मधोमध बांधला होता. डोंगराकडून खापरी नळांनी पाणी आणून ते तळे भरीत. आज तळे कोरडे, भोवती झुडपे आणि आत पारवे. इथे शांतता भरपूर आहे; पण ती मला मानवली नाही. कुणी विचारीत नाही म्हणून जी शांतता येते तिच्यात बसवत नाही. मी पंधरा मिनिटांत परतलो.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अण्णांनी रिक्षावाल्याला किल्ल्याकडे घ्यायला सांगितले. पूजा आटोपून आम्ही निघालो तेव्हा शहर सगळीकडून पेटले होते. किल्ल्याच्या रस्त्याला लागलो आणि एकाएकी रिक्षाचाच आवाज मोठा वाटू लागला. रुंद खंदक, त्यात माजलेली झाडे, पलीकडे काळाभोर गोल तट. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे इथे ना गाडे ना फटाके. शहरावर उडणारे बाण दिसत होते, पण त्यांचा आवाज पोचेपर्यंत त्यांत दम उरत नव्हता.

हृदयविकाराच्या माणसाला विसाव्यासाठी आणावे आणि जागा निवडावी ही! १५९५-९६ च्या वेढ्यात मोगलांनी या तटाखाली सुरुंग पेरले, एका ठिकाणी भिंत उडाली, आणि ते खिंडार चांदबिबीने स्वतः उभे राहून लढवले व रातोरात बुजवून घेतले. पुढे १८०३ च्या ऑगस्टात वेलस्लीने, म्हणजे ज्याने नंतर नेपोलियनला हरवले त्यानेच, चार दिवसांत शहर आणि किल्ला दोन्ही घेतले. इथून जवळच दमडी मशीद आहे, १५६७ च्या सुमाराची. किल्ल्याच्या कामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून दमडी दमडी देऊन ती बांधवली, असे सांगतात. मला या दगडी गावातली ही सर्वांत नाजूक इमारत वाटते. अण्णांना वाटते की दमडीची वर्गणी गोळा करणाऱ्या कारकुनाचे हाल झाले असतील.

पण त्या संध्याकाळी मला सुरुंग आठवत नव्हते. ९ ऑगस्ट १९४२ ला मुंबईहून आगगाडीने आणून काँग्रेस कार्यकारिणीच्या बारा जणांना या तटाआड ठेवले. नेहरू, पटेल, आझाद, पंत, कृपलानी, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि इतर. ते कुठे आहेत हे सरकारने जाहीर केले नव्हते. पहिले काही आठवडे वर्तमानपत्रेही दिली नाहीत. १९४२, ४३ आणि ४४ अशा तीन दिवाळ्या त्यांनी इथे काढल्या. नेहरूंनी १९४४ मध्ये इथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले, हे शाळेत सर्वांना शिकवतात. मौलाना आझादांचे मात्र फारसे कुणी सांगत नाही.

मी अण्णांना ते सांगितले. आझाद पहाटेच्या अंधारात उठत, स्वतःच्या हाताने चहा करीत आणि पत्रे लिहायला बसत. आपल्या एका स्नेह्याला, हबीबुर्रहमान खान शेरवानींना. कधी चहाबद्दल, कधी खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्यांबद्दल. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांची पत्नी वारली. आजाराची बातमी येत होती. पण भेटीसाठी सरकारपुढे हात पसरायला त्यांनी नकार दिला. त्या दिवसांतलेही पत्र आहे. आणि यांतले एकही पत्र तुरुंगातून टपालात पडले नाही. पाठवायची सोयच नव्हती. सुटल्यावर १९४६ मध्ये त्यांचे ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झाले.

अण्णा बराच वेळ तटाकडे पाहत राहिले.

“पत्ता होता?” त्यांनी विचारले.

“माणूस ठाऊक होता, म्हणजे पत्ताही असणारच.”

“मग बिनतिकिटाचं टाकलं असतं तरी बैरंग म्हणून गेलं असतं. घेणाऱ्यानं दुप्पट पैसे भरून सोडवलं असतं.” मग थोड्या वेळाने म्हणाले, “आत कुणी पोस्टमन असायला हवा होता हो.”

यावर इतिहासकारांनी काय म्हणावे ते म्हणावे. अडतीस वर्षांच्या नोकरीतून आलेले मत आहे, मी आपले जसेच्या तसे नोंदवून ठेवले.

पाडव्याला अण्णा म्हणाले, “आज तोफखाना.”

मी चमकलो. गजबजलेली, कष्टकऱ्यांची वस्ती. तिथे कसली शांतता? “पाडव्याला असते,” ते म्हणाले. “जे काही फटाके आणलेले असतात ते लक्ष्मीपूजनालाच संपतात. पाडव्याला पैसेही नसतात आणि फटाकेही.”

तसेच होते. अरुंद गल्ल्या, स्वच्छ सारवल्या-धुतलेल्या पायऱ्या, रांगोळ्या अजून ताज्या, आणि दारोदार माणसे गप्पा मारीत बसलेली. घरातली बोली तेलुगू, गल्लीतली मराठी. ही पद्मशाली मंडळी तेलंगणातून विणकाम घेऊन इथे आली. एके काळी नगरच्या साड्यांचा मोठा धंदा होता आणि दारोदार मागांचा खटखटाट चाले. हातमाग बसले, पुरुष मंडळी यंत्रमागांवर भिवंडीला गेली, आणि घरातल्या बायकांनी सूप मांडीवर घेतले. सूप म्हणजे विड्यांचे. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरायची, चिमूटभर तंबाखू, वळण, टोक दुमडायचे आणि वर दोऱ्याची गाठ. पंचवीस विड्यांचे एक बंडल. मजुरी हजारावर मोजायची, आणि तपासणीत खराब ठरल्या त्या हिशेबातून वजा. विडी ओढू नये हे मला मान्य आहे. पण ती वळून किती मुले शिकली याचा आकडा कुणी मांडत नाही, तोही मांडावा. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी होती. सुपे भिंतीला उभी होती आणि बायकांचे हात मांडीवर रिकामे, जरा अवघडल्यासारखे.

“पोस्टमनअण्णा!” एका पायरीवरून हाक आली.

सत्तरीच्या पुढची बाई. अण्णांनी डोळे बारीक करून पाहिले. “अक्का?”

आम्हांला बसवून घेतले गेले. चहा आला, चकली आली. अण्णांनी पथ्य सांगितले, मी त्यांची चकली खाल्ली. अक्का माझ्याकडे वळून सांगू लागल्या. त्यांचे यजमान वीस वर्षे भिवंडीला मागावर होते. दर महिन्याला मनिऑर्डर येई. अक्कांना लिहिता-वाचता येत नसे. अंगठा उठवायचा, शेजारणीची साक्ष घ्यायची, आणि अण्णा पैसे मोजून देत. मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असे, त्यावर मजकुराला बोटभर जागा. जुनी मनिऑर्डर २०१५ साली बंद झाली तेव्हा ते कुपनही गेले. ते फाडून पैशांबरोबर द्यायचे आणि वर काय लिहिले आहे ते वाचून दाखवायचे, हेही पोस्टमनचेच काम.

“दर महिन्याला वाचायचे अण्णा,” अक्का म्हणाल्या. “पोरांना जप. पाऊस फार आहे, तब्येत बरी आहे. दिवाळीला पोरीला परकर घे, निळा घे. असं सगळं. मी कुपनं डब्यात ठेवायची.”

अण्णा चहाच्या कपात पाहत होते.

“पोरगी शाळेत जायला लागली. चौथीत होती. एका दुपारी तिनं डबा काढला. म्हणाली, आई, यांच्यावर काहीच नाही. सगळी कोरी.”

गल्लीत कुणीतरी सायकल टेकवली त्याचा आवाज आला. माझा हात उगीचच खिशातल्या गोळ्यांकडे गेला होता.

“मग?” मी विचारले.

“मग काय! मी तिला म्हटलं, तुला अजून नीट वाचता येत नाही, अभ्यास कर.” अक्का हसल्या, पदर तोंडाशी धरून. “माणूस वाईट नव्हता हो. एक महिना पैसे चुकले नाहीत. शब्दाला कंजूष. आता जाऊन सात वर्षं झाली. गावी आला की बोलायचा नाही, नुसता बसायचा. पण अण्णांनी वाचलेलं ते हाच म्हणतोय, असं धरून मी त्याच्याशी बोलायची. निळा परकर घेतला म्हणून दाखवला, तर म्हणाला, छान आहे.”

“निळा मी उगीच म्हणालो होतो,” अण्णा हळूच म्हणाले. “परकर म्हटलं की रंग सांगावा लागतो.”

“मला माहीत आहे ना!”

पोरगी आता कुठे आहे, असे मी विचारले. ती शिकून शिक्षिका झाली, शहरातच आहे, उद्या भाऊबीजेला येईल. अक्का उठून आत गेल्या, पितळी डब्याचे झाकण उघडल्याचा आवाज झाला, आणि त्या बाहेर आल्या त्या शंभराची नोट घेऊन. कोरी करकरीत, कुंकवाचे बोट लावलेली.

“पोस्त,” त्या म्हणाल्या. “तेव्हा दर दिवाळीला म्हणायची, पुढच्या वर्षी देते.”

मी तोंडातल्या तोंडात ‘अहो कशाला, असू द्या’ असे काहीतरी पुटपुटू लागलो. अण्णांनी कोपराने मला गप्प केले, दोन्ही हात पुढे करून नोट घेतली, डोळ्यांना लावली आणि घराचा पत्ता लिहिलेल्या त्या चिठ्ठीच्या घडीत नीट ठेवली. मग त्यांनी मला वेळ विचारली.

“पावणेदहा,” मी म्हणालो. “निघू या का?”

“बसू या,” अण्णा म्हणाले. “पोरांची अजून पंधरा मिनिटं आहेत. अक्का, चहा आणखी घोटभर चालेल, पण बिनसाखरेचा.”